एकच नाव, दोन होड्या: खरेदीआधीची तुलना आणि संशोधनाचा एक धडा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. पंधरा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि गेली काही वर्षं त्याला डेलावेअर नदीत होडी वल्हवायचं वेड लागलंय.

"अगं, तू पॉलिमरवाली ना? मग एक सांग. दोन सेकंडहँड कॅनो बघितल्यात. दोन्हींचं नाव एकच, पेनॉबस्कॉट. एक जुनी आहे, रॉयलेक्सची. दुसरी त्यामानाने नवी, पॉलिथिलीनची. किंमत जवळपास सारखीच. कुठली घेऊ?"

मी दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला. रॉयलेक्समध्ये मुख्य पदार्थ एबीएस, त्याची घनता साधारण 1.05. पॉलिथिलीनची 0.95. म्हणजे पॉलिथिलीनची होडी हलकी असणार. वर नवी. "डोळे झाकून नवी घे," म्हटलं. दादा खूश झाला. "शनिवारी जाऊन घेऊन येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सहज म्हणून या कॅनोच्या निर्मात्यांची जुनी माहितीपत्रकं उघडली आणि चहा गार झाला. सोळा फुटी रॉयलेक्स पेनॉबस्कॉटचं वजन सुमारे 26 किलो. पॉलिथिलीनच्या पेनॉबस्कॉटचं सुमारे 34 किलो. मी हलकी म्हणून सांगितलेली होडी आठ किलो जड होती! दादाच्या कण्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय आणि होडी गाडीच्या टपावर तो एकटाच चढवतो. त्यात या उन्हाळ्यात तो माझ्या अकरा वर्षांच्या भाचीलाही सोबत नेणार होता.

शनिवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी जे वाचलं, ते इथे लिहितेय. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या आणि संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींना यातून 'तुलना' या शब्दाबद्दल काही मिळेल, असं वाटतं. प्रस्तावात आपण सगळेच हा शब्द फार सहज वापरतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ

कॅनो आणि कयाक यांत आपल्याकडे गल्लत होते. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. कॅनोमध्ये गुडघे टेकून किंवा उंच बैठकीवर बसतात आणि वल्ह्याला एकच पातं असतं. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा रेगाटा पाहिला असेल, तर मुळा नदीवर ओळीने, बाणाच्या आकारात जाणाऱ्या कयाक आठवतील. तो रेगाटा 1920 च्या दशकापासून चालत आलाय. पण ते पाणी संथ. खळाळत्या पाण्याचं गणित वेगळं. तिथे होडी खडकावर आदळते, आडवी होऊन अडकते, पाण्याने भरते. भरलेल्या सोळा फुटी कॅनोत अर्धा टन किंवा त्याहून जास्त पाणी असतं. अशी होडी आणि खडक यांच्या मधे माणूस सापडला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून या होड्यांच्या इतिहासात एक प्रश्न सारखा येतो: आदळल्यावर होडीचं काय होतं?

वंशावळ

पेनॉबस्कॉट हे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका नदीचं नाव आहे आणि त्या नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राचंही. त्यांची वस्ती असलेल्या नदीतल्या बेटासमोरच ओल्ड टाउन नावाचं गाव आहे. 1900 च्या आसपास तिथे याच नावाची कॅनो कंपनी उभी राहिली. नाव, आकार आणि मूळ कल्पना या तिन्ही गोष्टी बर्च झाडाच्या सालीपासून होड्या करणाऱ्या लोकांकडून आल्या. विकणारे मात्र दुसरे झाले.

सालीच्या होडीत आधी बाहेरचं आवरण आकाराला आणतात आणि मग आतून लाकडी बरगड्या बसवतात. मेनमधल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा क्रम उलटा केला. लाकडी साच्यावर आधी बरगड्या वाकवायच्या, त्यावर पातळ फळ्या ठोकायच्या आणि शेवटी कॅनव्हास ताणून रंगवायचा. एका साच्यावर एकसारख्या कितीही होड्या निघू लागल्या. 'मॉडेल' ही कल्पना खरी इथून सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमची कॅनो बाजारात आणली. विमानाच्या पत्र्याचं कसब होतंच, लढाईची मागणी संपली होती. ती होडी टिकाऊ होती, पण खडकावर घासली की चिकटून बसायची, आवाज करायची आणि पोचे पडायचे.

1970 च्या दशकात रॉयलेक्स आलं. युनिरॉयल ही मुळात रबर आणि टायरची कंपनी. तिने पदार्थांचं एक सँडविच तयार केलं: मधे फेसासारखा फुगणारा एबीएसचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट एबीएस आणि सगळ्यात बाहेर व्हिनाइलची कातडी. हा तक्ता भट्टीत तापवला की गाभा फुगतो आणि मग निर्वात पोकळीच्या जोरावर तो साच्यात खेचून घेतात. तयार होडी खडकाला गुंडाळली गेली, तरी सोडवल्यावर बहुतेक वेळा पुन्हा मूळ आकारात येते. ओल्ड टाउनने तर आपली होडी कारखान्याच्या छपरावरून खाली टाकून जाहिरात केली होती. खळाळत्या पाण्यातली कॅनो सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, त्यात या पदार्थाचा वाटा फार मोठा.

1980 च्या दशकात पॉलिथिलीनचे तीन थर एकत्र करून होडी ओतायची पद्धत आली. पोकळ साच्यात प्लॅस्टिकची भुकटी टाकायची आणि साचा तापवत फिरवायचा. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी अशीच बनते. पद्धत स्वस्त, माल दणकट.

मग 2013 मध्ये एक कागदी घटना घडली. त्या वेळी रॉयलेक्स बनवणारी स्पार्टेक ही कंपनी पॉलिवन या मोठ्या कंपनीने विकत घेतली. मोठ्या कंपनीच्या हिशेबात कॅनोचे तक्ते हा किरकोळ धंदा होता. 2014 पर्यंत रॉयलेक्सचं उत्पादन बंद झालं. पदार्थात दोष निघाला म्हणून हे झालं नाही, लोकांना नको होता म्हणूनही नाही. पुढे एस्किफ या क्वेबेकमधल्या कंपनीने टी-फॉर्मेक्स नावाचा तसाच पदार्थ आणला, पण मधल्या काळात अनेक मॉडेलं बंद पडली किंवा पॉलिथिलीनमध्ये गेली.

हे कळल्यावर माझ्या उत्तरातलं दुसरं गृहीतकही गळून पडलं. 'नवी आवृत्ती म्हणजे सुधारलेली आवृत्ती' असं मी धरून चालले होते. इथे नवी आवृत्ती टिकून राहिली, कारण जुन्या आवृत्तीचा कच्चा माल मिळेनासा झाला.

माझं गणित कुठे चुकलं?

मी घनतेची तुलना केली. पण होडी ठरावीक घनफळाची वीट नसते. तिला ठरावीक ताठपणा लागतो, नाहीतर तळ पाण्याच्या दाबाने आतबाहेर लपकत राहतो.

सपाट तक्त्याचा वाकण्याला होणारा विरोध दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थाचा स्थितिस्थापकता गुणांक आणि जाडीचा घन. पॉलिथिलीनचा गुणांक साधारण 1 गिगापास्कल, एबीएसचा त्याच्या दुप्पट किंवा थोडा जास्त. म्हणजे तेवढाच ताठपणा हवा असेल तर पॉलिथिलीनची जाडी दोनच्या घनमुळाइतक्या पटीने, म्हणजे सुमारे 1.26 पट वाढवावी लागेल. आता घनतेचा फायदा धरू: 1.26 गुणिले 0.95 भागिले 1.05, उत्तर 1.14. म्हणजे हलक्या पदार्थाची होडी 14 टक्के जड! 26 किलोचे जवळपास 30 किलो झाले.

हा हिशेब भरीव तक्त्याचा आहे. सँडविचला तो ढोबळमानानेच लागू पडतो. पण दिशा बरोबर दाखवतो. उरलेल्या चार किलोंकडे पाहताना बनवण्याची पद्धत लक्षात घ्यावी लागते. रॉयलेक्सचा तक्ता मागवताना कुठे जाड, कुठे पातळ हे ठरवून घेता यायचं: तळाला आणि टोकांना जास्त थर, बाजूंना कमी. फिरत्या साच्यात इतकं नेमकं नियंत्रण मिळत नाही.

आणि एक गोष्ट मी अगदीच विसरले होते. पद्धत बदलली की साचा बदलतो. रॉयलेक्सची पेनॉबस्कॉट सोळा फूट दोन इंच. पॉलिथिलीनची सोळा फूट चार इंच. फरक छोटा आहे, पण त्याचा अर्थ मोठा: या दोन होड्या एकाच आकाराच्या नाहीतच. दादाच्या प्रश्नात पदार्थ, जाडी, आकार, वय आणि आधीच्या मालकाने केलेला वापर, एवढ्या गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. मी त्यातली एक उचलली आणि निकाल दिला. नाव एकच असल्यामुळे बाकी सगळं सारखं असेल, असं मला वाटलं.

भांडारकरमधला धडा

इथे मला आपल्याच गावातलं एक काम आठवलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. 1925 पासून त्या कामाची धुरा विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे होती. विज्ञानवाल्यांसाठी सांगते, सुकथनकरांनी केंब्रिजला आधी गणित शिकलं आणि मग ते संस्कृतकडे वळले.

त्यांच्यासमोरचा प्रश्न दादासारखाच होता, फक्त हजारपट मोठा. नाव एक, 'महाभारत'. हस्तलिखितं हजाराहून जास्त, वेगवेगळ्या लिप्यांतली. कुठला पाठ घ्यायचा? जास्त पोथ्यांत आहे तो घ्या, असं करून चालत नाही, कारण शंभर पोथ्या एकाच पोथीच्या नकला असू शकतात. सगळ्यात जुनी पोथी घ्या, हेही पुरत नाही, कारण उशिराची पोथी एखाद्या चांगल्या, जुन्या मूळप्रतीवरून उतरवलेली असू शकते. म्हणून आधी वंशावळ लावायची: कुठली पोथी कुठून आली, कुठे फाटा फुटला, मधे कोणी काय घुसवलं. मग एकेका श्लोकाचे पाठ समोरासमोर ठेवायचे. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या परंपरेला त्यांनी महत्त्व दिलं, ते अशा तपासणीनंतर.

'आधी वंशावळ, मग तुलना' हा क्रम मी उलटा केला होता. खरं तर केलाच नव्हता.

होडी कुठल्या पाण्यासाठी?

आणखी एक प्रश्न राहिला होता, तो मी दादाला विचारलाच नव्हता: नेणार कुठे?

आपल्याकडे पुण्यातली मंडळी खळाळत्या पाण्यासाठी ताम्हिणी घाट उतरून कोलाडला जातात, कुंडलिका नदीवर. तिथे सकाळी ठरावीक वेळी पाणी येतं आणि मग राफ्ट सुटतात. कडक उन्हाळ्यात कोकणातली एवढीशी नदी रोज सकाळी दुथडी कशी भरते? कारण ते पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. मुळा नदीवर मुळशीला टाटांनी धरण बांधलं आणि ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिरा इथल्या वीजघरात सोडलं. ते वीजघर 1927 मध्ये सुरू झालं. पूर्वेला पुण्याकडे, पुढे भीमेत जायचं ते पाणी वीज करून पश्चिमेला कुंडलिकेत उतरतं. म्हणजे संगमाजवळ रेगाट्याच्या होड्यांखालून गेलं असतं, ते पाणी कोलाडला राफ्ट उडवतं.

या बदलाची किंमत मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी मोजली. 1921 मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. धरण थांबलं नाही, गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. पुणे विद्यापीठात पूर्वी राज्यशास्त्र शिकवत असलेल्या राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं. धरणांविरुद्धच्या जगातल्या पहिल्या चळवळींत ते या लढ्याची गणना करतात. कोलाडला जाऊन ओरडत लाटा झेलताना हे माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

तुलनेच्या दृष्टीने मुद्दा असा की नदीही एकाच नावाने वेगवेगळी असते. धरणातून पाणी सुटण्याआधीची कुंडलिका आणि सुटल्यानंतरची कुंडलिका या होडीच्या दृष्टीने दोन नद्या आहेत. दादाच्या भागात पेनसिल्व्हेनियातली लिहाय नदी अशीच आहे. वरच्या धरणातून ठरलेल्या शनिवार-रविवारी पाणी सोडतात, तेव्हा ती खळाळते. डेलावेअर मात्र बराचशी संथ, मधे फाउल रिफ्टसारखे थोडेच अवघड टप्पे.

पेनॉबस्कॉटचा तळ लांबीत बराच सरळ आहे. त्यामुळे ती सरळ छान पळते, पण खडकांमधून चटकन वळत नाही. लिहाय किंवा भरलेल्या कुंडलिकेसाठी ती योग्य नाही, मग ती कुठल्याही पदार्थाची असो. डेलावेअरच्या लांब, मोकळ्या पाण्यासाठी उत्तम. दादा 'खळाळत्या पाण्याची कॅनो' म्हणत होता, पण त्याची नव्वद टक्के नदी संथ होती आणि दर वेळी खरा खळाळ गाडीच्या टपावर होडी चढवताना होणार होता!

शनिवार

शुक्रवारी मी फोन केला आणि आधी कबूल केलं, "दादा, मी चुकीचं सांगितलं होतं." तो हसला. "तरी म्हटलं, दोन मिनिटांत पीएचडी कशी झाली." मग त्याला यादी दिली. टोकापाशी वाकून तळाच्या रेषेत नजर टाक, तळ कायमचा आत गेलाय का बघ. अंगठ्याने तळभर दाबत जा, कुठे पोकळ-मऊ लागतंय का. टोकांना व्हिनाइल झिजून खालचं एबीएस किती उघडं पडलंय ते बघ, कारण उन्हाने ते ठिसूळ होतं. दोन्ही होड्या एकट्याने उचलून बघ. सगळ्यात आधी हेच कर.

शनिवारी त्याने व्हिडिओ कॉल लावला. पॉलिथिलीनची होडी वर्षानुवर्षं कडक पट्ट्यांनी रॅकवर बांधलेली होती. तळ मधे आत ढकलला गेला होता. रॉयलेक्सच्या पुढच्या टोकाला तळहाताएवढी कातडी झिजली होती, बाकी तळ सरळ, कुठे मऊ नाही. झिजलेला भाग दुरुस्त होण्यासारखा होता: एबीएसला इपॉक्सी नीट चिकटतं, वर काचकापड लावलं की काम झालं. पॉलिथिलीनची पृष्ठऊर्जा इतकी कमी, सुमारे 31 मिलिजूल प्रति चौरस मीटर, की इपॉक्सी त्यावर नीट पसरतही नाही. तिथे वितळवून जोडावं लागतं आणि ते घरच्या घरी जमेलच असं नाही.

त्याने रॉयलेक्स घेतली. झीज दाखवून थोडी घासाघीसही केली. दुसऱ्या कोणाची कंबर शाबूत असती, होडी घराबाहेर आपटत ठेवायची असती आणि समोरची पॉलिथिलीनची होडी सरळ असती, तर त्याच्यासाठी उलटं उत्तर बरोबर ठरलं असतं.

तुमच्या प्रस्तावासाठी

'अ आणि ब यांचा तुलनात्मक अभ्यास' असं शीर्षक लिहिण्याआधी हे पाच प्रश्न कागदावर उतरवा. मला ते आठ किलोंच्या चुकीने शिकवले.

1. नाव सारखं आहे म्हणून वस्तू सारखी धरली आहे का?
2. दोन्हींमध्ये एकूण किती गोष्टी बदलतात, आणि मी त्यातली कुठली मोजतेय?
3. एक आवृत्ती जाऊन दुसरी का आली? गुणवत्तेमुळे, की व्यवहारामुळे?
4. मी मोजलेला गुणधर्म आणि वापरणाऱ्याची गरज यांच्या मधे कुठलं गणित आहे? ते मी केलंय का?
5. ही तुलना कोणासाठी आणि कुठल्या परिस्थितीत खरी आहे?

शेवटचा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. त्याचं उत्तर 'सगळ्यांसाठी' असं मनात आलं, तर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा.

जुलैमध्ये दादाने फोटो पाठवला. हिरवी जुनी होडी, पुढच्या टोकाला काचकापडाचं ठिगळ, लाइफ जॅकेट घातलेली भाची. फाउल रिफ्टच्या आधीच त्यांनी होडी काठाला लावली आणि तो टप्पा होडी उचलून चालत पार केला. खाली लिहिलं होतं, "26 किलो. मोजून घेतली."